आवाज कमी होता

कापणीच्या दिवसांत दुपारचं आभाळ भरून आलं, की मी अजूनही हातातलं काम टाकून गॅलरीत येते. माझ्याकडे आता शेत नाही. रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर राहते, तांदूळ दुकानातून पिशवीत येतो, आणि ढग आले तर फार तर दोरीवरचे कपडे काढायचे असतात. तरी छातीत काहीतरी धावत सुटतं. कुठेतरी कुणाचं तरी कापलेलं भात उघड्यावर पडलेलं असेल, आणि कुणीतरी कुणाला तरी जीव खाऊन हाका मारत असेल, असं वाटत राहतं.

आश्विन सरत आला की आमच्याकडचं ऊन बदलतं. सड्यावरचं, उघड्या कातळाच्या माळावरचं, गवत गणपतीत हिरवंगार असतं, ते आधी पिवळं पडतं, मग त्याला जुन्या तांब्याचा रंग चढतो. पहाटे दव इतकं, की पायवाटेने चालणाऱ्याचे पाय घोट्यापर्यंत ओले होतात, आणि दुपारी तीच पायवाट चटके देते. शेतांवर चतुर उडतात, शेकडो, एकाच उंचीवर. संध्याकाळी कापलेल्या धाटांचा ओलसर, गोडसर वास घराघरांत शिरतो आणि झोपेपर्यंत जात नाही. माझ्या डोक्यात या वासाशेजारी दुसरा एक वास कायमचा येऊन बसला आहे. तो आहे तापलेल्या प्रोजेक्टरचा, धुळीचा आणि गोणपाटाचा. हे दोन वास एकाच हंगामात माझ्याकडे आले, आणि आता एक आला की दुसरा मागोमाग येतोच.

ती ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं. मी रत्नागिरीच्या कॉलेजात नुकती जायला लागले होते आणि आठवडाभर आत्याकडे राहून शनिवारी गावी जात होते. मुंबईतल्या गिरण्या बंद पडून वर्ष उलटून गेलं होतं, आणि माझे बाबा घरी होते.

बाबा घरी होते, हे वाक्य आज साधं वाटतं. तेव्हा ते तसं नव्हतं. तोवर बाबा म्हणजे गणपतीत आणि शिमग्याला येणारा माणूस. ते येत तेव्हा घर आधीच माणसांनी भरलेलं असे, ढोल आणि आरत्या चालू असत, पोरं ओरडत असत. त्या गलक्यात ते हसत, सगळ्यांकडे बघत, मध्येच माझ्या डोक्यावर हात ठेवत, आणि त्यांची ओळख होतेय न होतेय तोवर ट्रंक उचलून एस्टीत बसत. गिरणीत ते साच्यावर होते. साचा म्हणजे माग, गिरणीतली माणसं मागाला साचाच म्हणत. याहून जास्त मला त्यांच्याविषयी काही ठाऊक नव्हतं, आणि आईला तरी कितीसं ठाऊक होतं कोण जाणे. लग्नाला अठरा-वीस वर्षं झाली होती, पण दोघांनी एकत्र काढलेले दिवस जोडले तर वर्ष-दोन वर्षंही भरली नसती.

आता बाबा रोज पडवीत बसलेले दिसत. सकाळी शेतात जात, सांगितलेलं काम करत, जेवत, पुन्हा पडवीत येऊन बसत. बोलत नसत. आई चुलीकडून काही विचारी, त्याला उत्तर येत नसे. ती पुन्हा विचारी, तेव्हा कधी ते "हां" म्हणत, आणि तो "हां" विचारलेल्या गोष्टीला लागू पडत नसे. पहिले काही महिने आई म्हणायची, गिरणी सुटली म्हणून मन थाऱ्यावर नाही. नंतर ती म्हणू लागली, शहरात राहिलेल्या माणसाला शेणामातीत बोलायची लाज वाटते. नंतर काहीच म्हणेनाशी झाली. व्हाळावर धुणं धुताना बायका एकमेकींत कुजबुजत, की काही पुरुष अंगाने घरी येतात आणि मनाने तिथेच कुणाकडे तरी राहतात. आई कपडा दगडावर जास्तच जोराने आपटी. मला ते सगळं कळत होतं आणि कळत नाही असं दाखवावं लागत होतं.

त्या हंगामात एका रविवारी मी घरी होते. खालच्या मळ्यातलं भात कापून आडवं पडलं होतं, बाबा पलीकडच्या तुकड्यात पाठमोरे वाकून कापत होते. दुपारनंतर डोंगराकडून अंधारून आलं. आमच्याकडे परतीचा पाऊस असाच उलट्या बाजूने येतो, समुद्राकडे अजून ऊन असतं आणि डोंगराकडचं आभाळ काळं होतं. आई वरच्या बांधावर उभी राहून ओरडू लागली, "अवो, भारे उचला, भारे!" ओरडता ओरडता तिने कासोटा खोचला आणि उतरायला लागली. मी आणि थोरले काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, धावत निघालो. बाबा वाकलेलेच. विळा शांतपणे चाललेला. आईची हाक त्या मळ्यातून जाऊन समोरच्या टेकडीवर आपटून परत येत होती, मला ती दोन्हीकडून ऐकू येत होती, आणि बाबा धाटांची मूठ बाजूला ठेवून पुढची मूठ धरत होते.

पहिले थेंब पाठीवर पडले तेव्हा ते दचकून उभे राहिले. वर बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. आम्ही धावताना त्यांना दिसलो आणि तेही धावले. तोवर पाऊस कोसळला होता. बरंचसं भात भिजलं. पुढच्या दिवसांत त्याला मोड आले. त्या संध्याकाळी आईने ताट वाढताना एवढंच म्हटलं, की हाका मारून माझा घसा सुकला, वळून बघायला काय झालं होतं. बाबा ताटाकडे बघत होते. त्यांनी भात कालवला आणि जेवायला लागले. आईने पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. तिथून पुढे ती त्यांच्याशी बोलायचीच थांबली.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी बाबा रत्नागिरीला आले. आत्याकडे नव्या भाताचे पोहे द्यायचे होते आणि संध्याकाळच्या एस्टीने मला घेऊन घरी परतायचं होतं. मधली सगळी दुपार मोकळी होती. कॉलेजात त्या दुपारी एक सिनेमा होता. आम्हाला इंग्रजी शिकवणारे कानडे सर तरुण होते, पुण्याकडून आलेले, आणि त्यांना सिनेमाचं भारी वेड. ते मुंबईहून कुठून कुठून सिनेमे मागवत. पत्र्याच्या गोल डब्यांतून ती रिळं एस्टीने येत आणि एस्टीनेच परत जात. मी बाबांना म्हटलं, चला, आत्याकडे बसून काय कराल. ते आले. कॉलेजच्या दारात त्यांनी चपला काढल्या, मी म्हटलं राहू द्या, तेव्हा पुन्हा घातल्या.

सिनेमा विज्ञानाच्या मोठ्या वर्गात होता. काळोख करण्यासाठी खिडक्यांवर गोणपाटं ठोकली होती. बाहेर आश्विनातलं ऊन रणरणत होतं आणि गोणपाटाच्या विणीतून ते बारीक बारीक आत येत होतं. मुलांच्या सदऱ्यांवर, बाकांवर, फळ्यावर उजेडाचे ठिपके पसरले होते. कुणी हललं की ठिपके त्याच्या अंगावरून सरकत. सरांनी कुठल्याशा गणेशोत्सव मंडळाकडून कर्णा आणला होता आणि तो पडद्याखाली स्टुलावर ठेवला होता.

सुरुवातीला सर पाच-दहा मिनिटं बोलले. म्हणाले, हा चित्रांचा सिनेमा आहे, पण लहान मुलांचा नाही. पूर्व युरोपातल्या एका देशातला आहे, भाषा मलाही येत नाही, म्हणून गोष्ट आधीच सांगतो. ही पुढच्या काळातली एक वाईट नगरी आहे. मात्र हा पुढचा काळ आपण आज कल्पितो तसा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळच्या माणसांनी जसा कल्पिला असता, तसा मुद्दाम काढलेला आहे. मला तेव्हा ते नीट समजलं नाही. दिवे गेले, प्रोजेक्टर घरघरला, आणि कर्ण्यातून असा काही आवाज फुटला की पुढच्या बाकावरच्या मुली किंचाळल्या आणि मग आपल्याच किंचाळण्याला हसल्या. सरांनी बटण फिरवून बघितलं. आवाज कमी होईना. शेवटी त्यांनी हात जोडून सगळ्यांची माफी मागितली आणि सिनेमा तसाच चालू राहिला. सबंध वेळ खिडक्यांची तावदानं थरथरत होती.

ती नगरी मला अजून स्वप्नात दिसते. तिच्यात दोनच रंग होते, राखेचा आणि पितळेचा. उंच उंच इमारती, पण त्यांना जुन्या घड्याळांसारखे काटे आणि चाव्या. रस्त्यावरून वाफेवर चालणाऱ्या मोटारी जात, त्यांचे दिवे कंदिलासारखे. वरून फुगे जात, देवमाशासारखे लांबोडके, त्यांच्या पोटाला खिडक्या आणि खिडक्यांत टोपीवाली माणसं. टेलिफोनला भोंगे होते. आणि माणसं रांगेने चालत, सगळी खाली बघत, कारण त्या नगरीत वर बघायला बंदी होती. वर बघण्यासारखं काही नव्हतंच. नगरीचं आभाळ कापडाचं होतं. मधोमध एक अफाट कारखाना होता, त्याच्या छपरातून ते राखाडी कापड दिवसरात्र बाहेर पडे आणि माणसांच्या डोक्यावर पसरत जाई. जुनं झालेलं आभाळ गुंडाळून घेत, नवं पसरत.

त्या कारखान्यात माग होते. रांगांमागून रांगा, दूरवर लहान लहान होत गेलेल्या. काढणाऱ्याने प्रत्येक माग नीट काढला होता, फण्या वरखाली होत होत्या, धोटे होडीसारखे एका काठावरून दुसऱ्या काठाकडे जात होते. आणि प्रत्येक मागापुढे एक माणूस.

मी बाबांकडे बघितलं. ते बाकावर पुढे सरकून बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि तो हलत होता. अंगठा आणि दोन बोटं, काहीतरी चिमटीत धरल्यासारखी, पुढे जात, थांबत, मागे येत. डावा पाय जमिनीवर ठेका धरल्यासारखा दाबला जात होता. गोणपाटातून आलेला एक ठिपका त्यांच्या गालावर होता. वर्षभरात मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. शिमग्याला पालखी दारात आली की गावातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे जसे होतात, तसा तो झाला होता.

पुढची गोष्ट मी थोडक्यात सांगते. एका विणकराच्या मागावर धागा तुटतो आणि विणकर तो जोडत नाही. आभाळाला भोक पडतं आणि रस्त्यावर उन्हाचा पैशाएवढा ठिपका पडतो. माणसं थांबतात. उजेड कुठून आला हे बघायला कुणी मान वर करत नाही, ती सवयच उरलेली नसते. सगळी त्या ठिपक्याभोवती जमतात, आळीपाळीने त्यात हात धरतात, एक बाई आपल्या बाळाचा पाय धरते. मग अधिकारी येतात. त्यांनाही वर बघायला बंदी, म्हणून त्यांना वाटतं उजेड जमिनीतून येतोय, आणि ते त्यावर एक जड लोखंडी झाकण ठेवतात. ठिपका झाकणावर पडतो. ते दुसरं झाकण ठेवतात. मुलं हसली, पण नंतर त्या विणकराला धरून नेतात तेव्हा कुणी हसलं नाही. त्याचा माग बंद पडलेला दिसतो, धोटा मधेच थांबलेला. बाबांचा हात तेव्हा थांबला. शेवटी दुसऱ्या दिवशीचा भोंगा वाजतो, सगळी माणसं कामाला येतात, माग सुरू होतात, आणि कापड बाहेर पडतं ते जागोजाग विरलेलं, चाळणीसारखं. तिथे सिनेमा संपला.

गोणपाटं काढली तेव्हा उन्हाने डोळे दुखले. सरांनी विचारलं, काय वाटलं ते बोला. एकजण म्हणाला, भीती वाटली. एकजण म्हणाला, ही आपल्या सरकारवर टीका आहे, आणि दुसरा म्हणाला, नाही, ही रशियावर आहे. एक मुलगी म्हणाली की तिला रंग आवडले नाहीत. सरांचं लक्ष बाबांकडे गेलं. ते बाबांच्या समोर येऊन उभे राहिले, आदराने थोडे वाकले आणि म्हणाले, "काका, तुम्हाला कसा वाटला?"

बाबांनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्यांच्या त्या नेहमीच्या, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "चांगला हुता. पन आवाज कमी हुता."

सगळा वर्ग हसला. कुणी वाईट हेतूने हसलं नाही. तासभर ज्यांचे कान किटले होते ती मुलं, त्यांना ती फार मोठी थट्टा वाटली, सरही हसले. बाबाही हसले, सगळे हसतायत म्हणून. मी हसत होते आणि हसता हसता थांबले. थट्टा करायचा बाबांचा स्वभावच नव्हता. त्यांना आवाज खरंच कमी वाटला होता. तावदानं थरथरवणारा तो आवाज त्यांच्यापर्यंत कुठूनतरी लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा आला होता. मला एकदम ती रविवारची दुपार दिसली, वाकलेली पाठ, आणि टेकडीवर आपटून परत येणारी आईची हाक.

कॉलेजपासून एस्टी स्टँडकडे जाताना मी मुद्दाम चार पावलं मागे राहिले. म्हटलं, "बाबा." ते चालत राहिले. मी मोठ्याने म्हटलं. समोरून येणारा एक सायकलवाला वळून बघून गेला. बाबांच्या हातात रिकामी पिशवी होती, ती ते चालताना हलवत होते, आणि रस्त्याकडेच्या झाडांकडे बघत निवांत चालले होते. मी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. धावत जाऊन त्यांचा हात धरला.

एस्टीत मात्र नवल झालं. गाडी जुनी होती, तिचा पत्रा अन् पत्रा वाजत होता, खिडक्या खडखडत होत्या. मला स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि त्या आवाजात बाबा बोलायला लागले. वर्षभरात बोलले नव्हते तेवढं बोलले. माझ्याकडे तोंड करून, माझ्या ओठांकडे बघत. म्हणाले, की आमच्या खात्यात साचे सुरू झाले की शेजारच्याचा शब्दही कानावर पडत नसे, मग आम्ही ओठांवरून बोलायचो. आवाज काढायचाच नाही, फक्त तोंड नीट हलवायचं. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला विनोद सांगे आणि मधले सगळे हसत. जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, येतोय हे सांगायला एक खूण होती, चहा आला ही दुसरी, आणि कुणाला घरची आठवण येत असेल तर त्याचीही एक खूण होती, ती त्यांनी मला करून दाखवली नाही.

"तू झालीस ती तार जॉबराकडं आली हुती," ते म्हणाले. "तो दाराशी हुता, मी पार शेवटच्या साच्यावर. त्यानं तिथनंच सांगितलान." आणि त्यांनी तो शब्द ओठांवर करून दाखवला, आवाज न काढता. ओठ मिटले, गोल झाले, पुढे जीभ टाळूला लागली, आणि शेवटी सगळं तोंड रुंद झालं, हसल्यासारखं. मुलगी. मी तो शब्द त्याआधी असा कधी पाहिला नव्हता.

मी त्यांच्यासमोर तोंड धरून विचारलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. सड्यावरचं गवत संध्याकाळच्या उन्हात लाल दिसत होतं. म्हणाले, की तिथं सगळे तसेच, कोण कोणास बहिरा म्हणणार. मग म्हणाले, घरात सांगू नको.

मी मान हलवली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाळावर आईला सांगून टाकलं. पाणी अजून वाहतं होतं, नितळ, पायाला गार लागणारं. आई चादर पिळत होती, दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी सांगत गेले, वर्गातलं हसणं, रस्त्यावरच्या हाका, एस्टीतलं बोलणं. ती पिळायची थांबली. चादरीतून पाणी ठिबकत राहिलं. तिने विचारलं, "म्हंजे त्या दिवशी पावसाचा त्यांनी ऐकलाच नाय?" मी म्हटलं, नाही. ती त्या ओल्या चादरीत तोंड घालून रडली की हसली, हे मला आजही सांगता येणार नाही. खांदे हलत होते एवढं खरं. मग तिने चादर पुन्हा दगडावर टाकली आणि धुतलेलीच पुन्हा धुवायला घेतली.

दुपारी जेवताना तिने बाबांचं ताट वाढलं आणि नेहमीसारखी चुलीकडे वळली नाही. त्यांच्यासमोर पाटावर बसली. त्यांनी मान वर करेपर्यंत थांबली. मग सावकाश, तोंड नीट हलवत विचारलं, आणखी भात वाढू का. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. म्हणाले, "वाढ." एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवशी त्यांनी तीनदा भात घेतला.

कापणीचे उरलेले दिवस मला एका लांबलचक दुपारसारखे आठवतात. आईला ती ओठांची भाषा फार लवकर आली. आधी ती हळू आवाजात बोलायची, मग आवाज गळून गेला आणि नुसते ओठ उरले. वरच्या बांधावरून ती काहीतरी म्हणे, खालच्या मळ्यातून बाबा उत्तर देत, मध्ये पिवळी शेतं आणि चतुरांचे थवे, आणि शब्दाचाही आवाज नाही. ते आता सारखे मान वर करून तिच्याकडे बघत. विळा दोन मुठी कापी आणि थांबे. थोरले काका म्हणायचे, याचं लक्ष कामात नाही. आईला मी त्या दिवसांत पहिल्यांदा बाबांवर रुसताना पाहिलं, बांधावर उभी राहून, नुसत्या ओठांनी भांडताना, आणि बाबा खाली उभे राहून दोन्ही हात हलवत आपली बाजू मांडत होते. मी झाडाखाली बसून सगळं वाचत होते. मलाही येऊ लागलं होतं, पण ते मी त्यांना कळू दिलं नाही.

कानडे सरांना नगरी पुढच्या काळातली वाटली होती. बाबांच्या अंगावरून ती कधीच जाऊन झाली होती. आम्हाला तिथे जे भयंकर दिसलं, त्यात त्यांना आपली जागा दिसली, आपला साचा, आपली माणसं. मला हे पटायला फार वर्षं लागली. अजूनही पुरतं पटतं असं नाही. ज्या आवाजाने कान नेले त्या आवाजाची माणसाला आठवण कशी येते? पण येते, मी तो हलणारा हात पाहिला आहे. गिरणीत बाबा बहिरे नव्हतेच. ते बहिरे झाले ते आमच्या गावच्या शांततेत, जिथे पान पडलं तरी बाकीच्यांना कळतं. मध्ये एकदा मी कामाने मुंबईला गेले होते, तेव्हा मुद्दाम बाबांच्या गिरणीच्या भागात जाऊन आले. काचेची उंच इमारत उभी आहे, तिच्या काचांत ढग सरकतात, आणि आवारात जुनी चिमणी शोभेसाठी ठेवली आहे. दारावरच्या माणसाला विचारलं, इथे आधी काय होतं. त्याला माहीत नव्हतं. तो सिनेमा मी नंतर खूप शोधला. नाव वाचता आलं नव्हतं, त्यामुळे शोधायचं तरी काय. कधी कधी वाटतं, त्यातलं निम्मं मीच नंतर रंगवलं असेल.

त्या हंगामाच्या शेवटी, भाताची झोडणी चालू असताना, दत्ताकाका मुंबईहून आले. ते बाबांचे चुलतभाऊ, मुंबईत बाबांच्याच गिरणीत कामाला, त्यांच्याच खोलीत राहणारे. पडवीत थोरले काका, दत्ताकाका आणि बाबा बसले. खळ्यात भाताचा ढीग होता, हवेत तूस उडत होतं, उन्हात ते दिसत होतं. मी पायरीवर बसून चहाच्या कपबशा विसळत होते. दत्ताकाका सांगत होते, की गिरणीचं एक खातं सुरू होतंय, जे लगेच येतील त्यांना आत घेतायत, नंतर दार बंद. मी सोमवारी निघतोय, तू चल. थोरले काका म्हणाले, विचारायचं काय त्यात, जायलाच हवं, इथे बसून काय होणार आहे. ते घरातले मोठे. त्यांनी म्हटलं की ते ठरलेलंच असे.

बाबा दत्ताकाकांच्या ओठांकडे बघत होते. दत्ताकाका गिरणीतले असल्यामुळे त्यांचं बोलणं बाबांना पुरतं समजत होतं. बाबांच्या तोंडावर तोच सिनेमातला उजेड आला होता. मांडीवरचा हात नकळत हलायला लागला होता. मला वाटलं, संपलं, हे आता जाणार.

आई माजघराच्या दारात उभी होती, हातात सूप. पावसातल्या त्या हाका सोडल्या तर थोरल्या दिरासमोर ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती, त्यांच्यासमोर तिने बोलायचंच नसतं, ही आमच्याकडची रीत. काका आणि दत्ताकाका दाराकडे पाठ करून बसले होते. समोर फक्त बाबा होते. ती तिथे नुसती उभी राहिली, बाबांनी मान वर करेपर्यंत. त्यांनी केली.

आईचे ओठ हलले. जाव नका. बाबा बघतच होते. मग ती पुढे म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "तुमी गेलाव, तर मी बोलू कुणाशी?"

पडवीत त्यातलं काही कुणाला ऐकू आलं नाही. थोरले काका तंबाखू मळत होते. बाबांचा हात मांडीवर थांबला. त्यांनी तो उचलला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"मी जात नाय," बाबा मोठ्याने म्हणाले.

दत्ताकाका चपापले. त्यांना वाटलं, बाबांना आपलं बोलणं नीट कळलं नाही. ते जरा जवळ सरकले आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.